उत्तम महाविद्यालय कोणते? – संगणकशास्त्राच्या प्रवेशाविषयी काही विचार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



पन्नास वर्षे ही संस्थेच्या जीवनात लहान गोष्ट नाही. ज्यांनी या ट्रस्टचे रोपटे लावले, त्यांतील बहुतेकांनी आज आपला निरोप घेतलेला आहे. त्यांच्या पुण्यस्मृतीस वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. संगणकाच्या शिक्षणाविषयी मी बोलावे याचे काही जणांना नवल वाटेल. परंतु ट्रस्टच्या शिक्षण साहाय्य समितीचे काम पाहताना गेली काही वर्षे एक गोष्ट सातत्याने लक्षात आली. पूर्वी आमच्याकडे येणारे बहुसंख्य अर्ज वाणिज्य शाखेचे आणि सी.ए.चे असत. आता दर जून-जुलैत येणाऱ्या अर्जांपैकी निम्म्याहून अधिक अर्ज संगणक अभियांत्रिकीचे असतात. अर्ज घेऊन येणारे पालक शुल्काइतकाच दुसराही एक प्रश्न विचारतात, "शेठ, दोन-तीन ठिकाणी नंबर लागतो आहे. कुठे घालावे?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारे पुष्कळ लोक बाजारात आहेत. त्यांतील कित्येकांचा त्या उत्तरात काही ना काही लाभ असतो. आपण मात्र घरच्या माणसांनी बसून विचार करावा तसा याचा विचार करू.

प्रथम जागा कशा मिळतात हे थोडक्यात पाहू. आपल्या मुलांपुढे मुख्यतः दोन दरवाजे आहेत. पहिला दरवाजा जे.ई.ई.चा. आय.आय.टी., एन.आय.टी. आणि केंद्राच्या ट्रिपल आय.टी. यांतील जागा २०१५ पासून एकाच संयुक्त प्रक्रियेतून भरल्या जातात. पवई येथील आय.आय.टी. १९५८ मध्ये स्थापन झाली. तेथील संगणकशास्त्राच्या जागा अलीकडच्या वर्षांत खुल्या प्रवर्गात देशातील साधारण पहिल्या सत्तर क्रमांकांतच संपतात. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय संस्थेत निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात, ही गोष्ट आपल्या अनेक पालकांना ठाऊक नसते. दुसरा दरवाजा राज्याच्या सी.ई.टी.चा. पुण्याचे सी.ओ.ई.पी. १८५४ पासूनचे आहे. भारतरत्न मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेथेच शिकले. २०२२ मध्ये या संस्थेस स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईत माटुंग्याचे व्ही.जे.टी.आय. १८८७ चे. धनकवडीचे पी.आय.सी.टी. १९८३ मध्ये संगणकाचेच नाव घेऊन सुरू झाले. कर्वेनगरचे मुलींचे कमिन्स महाविद्यालय १९९१ चे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले आणि १९५५ पासून त्याला सोलापूरच्या आपल्या शेठ वालचंद हिराचंदांचे नाव आहे. यांखेरीज पिलानी, गोवा व हैदराबाद येथील बिट्ससारखी, स्वतःची वेगळी परीक्षा घेणारी अभिमत विद्यापीठे आहेत.

यांपैकी उत्तम कोणते? आमच्या धंद्यात नवखे गिऱ्हाईक ताग्याच्या किनारीवरचा गिरणीचा शिक्का वाचते. जाणते गिऱ्हाईक शिक्का वाचते, पण ताका उलगडून कापड हातात घेते, उजेडासमोर धरते, सूत पाहते आणि मग भाव विचारते. शिक्क्याला किंमत नाही असे मी म्हणणार नाही. चांगल्या गिरणीचा माल सहसा चांगलाच असतो. पण शिक्का म्हणजे कापड नव्हे. महाविद्यालयाचे नाव हा असाच शिक्का आहे. तो वाचून झाल्यावर पाच गोष्टी उजेडासमोर धराव्यात, असे माझे नम्र मत आहे.

पहिली गोष्ट शाखेची. नामांकित संस्थेत धातुशास्त्र अथवा स्थापत्य मिळते आहे आणि त्याहून कमी नावाच्या संस्थेत संगणकशास्त्र मिळते आहे, हा पेच दरवर्षी कोणाच्या तरी घरी असतो. येथे नियम एकच. त्या विद्यार्थ्याला संगणकशास्त्राची खरोखर ओढ आहे, की शेजाऱ्याच्या मुलाला मोठा पगार मिळाला म्हणून ते हवे आहे? ज्याला गणिताची आणि तर्काची गोडी आहे, जो सुट्टीत स्वतः होऊन प्रोग्राम लिहितो, त्याने शाखा सोडू नये. ज्याचा कल अजून ठरलेला नाही, त्याने चांगल्या संस्थेतील सहवास निवडला तरी त्याचे नुकसान होणार नाही. बुद्धिमान सोबती हे विद्यार्थ्याचे अर्धे शिक्षण असते. आपल्या अनेकान्त दृष्टीने पाहिले तर एकच जागा एकासाठी उत्तम आणि दुसऱ्यासाठी मध्यम असू शकते.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. आज संगणक अभियांत्रिकीला माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स अशी अनेक नावे जोडली गेली आहेत. नावाने भारून न जाता दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून काढून शेजारी शेजारी ठेवावा. डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क आणि त्यांच्या जोडीला संभाव्यताशास्त्र व रेषीय बीजगणित हे विषय पुरेशा तासांनिशी आहेत का ते पाहावे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि यंत्रच प्रोग्राम लिहू लागले. त्यामुळे केवळ एखादी संगणकीय भाषा शिकून चालण्याचे दिवस सरत आहेत. ज्याचा पाया पक्का आहे, तोच पुढच्या चाळीस वर्षांतील बदलांना तोंड देऊ शकेल.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांना एका शाखेत किती जागा असाव्यात यावरील मर्यादा उठवली. परिणामी काही ठिकाणी संगणकाच्या तुकड्या एकाएकी वाढल्या. तुकड्या वाढल्या तसे शिक्षक वाढले का? वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण नियमात आहे, ते प्रत्यक्षात आहे का? हे महाविद्यालयात जाऊन, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारून कळते. लोणावळ्याहून लोकलने शिवाजीनगरला उतरले की सी.ओ.ई.पी. जवळच आहे. आकुर्डीला उतरले की निगडी प्राधिकरणातील महाविद्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. लग्नाच्या बस्त्यासाठी आपण चार दुकाने आणि दोन दिवस घालवतो. मुलाच्या चार वर्षांसाठी एक दिवस काढणे कठीण नाही. तसेच 'नॅक' हे संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन असते आणि 'एन.बी.ए.' हे एकेका अभ्यासक्रमाचे, हा भेद ध्यानात ठेवून आपल्याला हव्या त्या शाखेस एन.बी.ए.ची मान्यता आहे का, हे विचारावे.

चौथी गोष्ट नोकरीच्या आकड्यांची. येथे वाणिज्य शाखेचे शिक्षण मला थोडे उपयोगी पडते. जाहिरातीत सर्वाधिक पगाराचा आकडा ठळक छापतात आणि त्याखाली सरासरी देतात. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वर्षाला ५ लाख मिळाले आणि एकाला ६० लाख मिळाले, तर सरासरी साडेदहा लाख येते. प्रत्यक्षात साडेदहा लाख कोणालाच मिळालेले नाहीत! म्हणून सर्वांना पगाराच्या चढत्या क्रमाने उभे केले असता मधोमध येणाऱ्याचा पगार, म्हणजे मध्यक, विचारावा. या उदाहरणात तो ५ लाखच आहे. केंद्र सरकारच्या 'एन.आय.आर.एफ.' या क्रमवारीसाठी, जी २०१६ पासून प्रसिद्ध होते, प्रत्येक सहभागी संस्थेला पदवी पूर्ण करणारे किती, नोकरी मिळालेले किती, उच्च शिक्षणाला गेलेले किती आणि पगाराचा मध्यक किती, हे सादर करावे लागते. ही माहिती संस्थांच्या संकेतस्थळांवर असते. क्रमांक एकवेळ पाहू नका, पण हा तक्ता अवश्य पाहा. एवढे मात्र लक्षात ठेवा की त्यात बहुधा सर्व शाखांची एकत्रित बेरीज असते. संगणकाचा वेगळा आकडा मागून घ्यावा.

पाचवी गोष्ट खर्चाची. आपण व्यापारी माणसे रोजमेळ लिहितो, पण मुलाच्या शिक्षणाचा हिशेब भावनेच्या भरात करतो. आय.आय.टी.चे शिक्षणशुल्क २०१६ पासून खुल्या प्रवर्गास वर्षाला २ लाख रुपये आहे, आणि कौटुंबिक उत्पन्न १ लाखापेक्षा कमी असल्यास ते पूर्ण माफ होते, ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ होते. बिट्ससारख्या ठिकाणी चार वर्षांचे शुल्क २० लाखांच्या वर जाते. बिट्स ही नाणावलेली संस्था आहे. ज्याची ऐपत आहे त्याने खुशाल जावे. परंतु २० लाखांचे कर्ज दहा टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे २६ हजार ४०० रुपयांचा हप्ता पडतो आणि एकूण परतफेड ३१ लाखांच्या पुढे जाते. शिक्षणकाळात साचणारे व्याज वेगळेच. बावीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हा भार टाकण्यापूर्वी त्या शुल्काच्या बदल्यात अधिक काय मिळते आहे, हे कागदावर मांडावे. परिग्रहाचे परिमाण करण्यास आपल्याला शिकवले आहे. कर्जाचेही परिमाण असावे.

त्याचबरोबर ज्या सवलती हक्काने मिळतात त्या संकोचाने सोडू नयेत. सी.ई.टी.च्या केंद्रीय प्रवेशात उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांसाठी शिक्षणशुल्क माफीच्या पाच टक्के जादा जागा असतात. राजर्षी शाहू महाराज योजनेतून त्याच मर्यादेत निम्मे शिक्षणशुल्क मिळते. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले आहे. आपल्या समाजातील छोट्या दुकानदारांच्या, नोकरदारांच्या अनेक मुली आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रमाणपत्रास पात्र ठरू शकतात. हे प्रमाणपत्र मे महिन्यातच वडगावच्या तहसील कचेरीत अर्ज करून मिळवावे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. जैन अल्पसंख्याक संस्थांच्या महाविद्यालयांत आपल्या मुलांसाठी राखीव जागा असतात. १९२८ मध्ये सुरू झालेल्या चांदवडच्या नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाने पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयही उभे केले आहे. मात्र शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहिले आहे ते आधी तपासा. ऐन प्रवेशाच्या दिवशी हा दाखला हातात घेऊन धावपळ करणारे पालक आम्ही दरवर्षी पाहतो.

आता पसंतीक्रमाच्या अर्जाविषयी दोन शब्द. या अर्जात महाविद्यालये आपल्या खऱ्या इच्छेच्या क्रमानेच लिहावीत. "तेथे मिळणार नाही, मग वर कशाला लिहायचे?" हा विचार घातक आहे. वरची पसंती न मिळाल्यास खालच्या पसंतीचा हक्क जात नाही. उलट, पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती निश्चित धरली जाते. २०२५ च्या प्रवेशापासून चार फेऱ्या झाल्या आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी जागा मिळाली तरी ती घ्यावीच लागते, असा नियम आला. म्हणजे नको असलेले नाव सहजगत्या वर लिहिणे आता अधिकच महागात पडेल. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची पुस्तिका स्वतः वाचावी. सायबर कॅफेतील मुलाच्या हाती पासवर्ड देऊन निश्चिंत होऊ नये.

बंधू-भगिनींनो, आता मी ज्या गोष्टीसाठी आज उभा राहिलो तिच्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या समितीपुढे एका घरातून दोन अर्ज आले. थोरली बहीण आणि तिचा चुलत भाऊ, दोघे एकाच वर्षी बारावी झालेले. मुलीचे पर्सेंटाइल मुलापेक्षा बरेच अधिक. मुलासाठी परराज्यातील एका खासगी विद्यापीठात पंधरा लाखांची तयारी चाललेली. मुलीच्या अर्जात मात्र केवळ घराजवळच्या एका महाविद्यालयाचे नाव. आम्ही कारण विचारले. वडील म्हणाले, "मुलीच्या जातीला लांब कशाला? शिवाय खाण्यापिण्याचे, चौविहाराचे कसे जमणार?" मुलगी गप्प होती. समितीतील एका भगिनीने तिला विचारले, "बेटा, तुला काय वाटते?" तिने वहीतून घडी केलेला एक कागद काढला. त्यावर तीन महाविद्यालयांचे तक्ते होते. शुल्क, अभ्यासक्रम, वसतिगृहाचे अंतर, एवढेच नव्हे, तर सूर्यास्तापूर्वी जेवण देणाऱ्या आणि कंदमुळाविना स्वयंपाक करणाऱ्या पुण्यातील दोन जैन खानावळींची चौकशी करून लिहिलेले मासिक दर होते. आज मी तुम्हाला ज्या पाच गोष्टी सांगितल्या, त्यांतील चार त्या कागदावर होत्या.

वडिलांनी तो कागद तेथेच प्रथम पाहिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तू घरी का दाखवले नाहीस?" ती म्हणाली, "पप्पा, घरी कोणी विचारले नाही." ती पुण्यातील तिच्या पसंतीच्या महाविद्यालयात गेली, वसतिगृहात राहिली, पर्युषणात अठ्ठाई करून परीक्षाही दिली. आज ती नोकरी करते आणि ट्रस्टने दिलेली रक्कम तिने न मागता परत केली आहे. परंतु त्या सभेत आम्ही विचारले नसते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. किती घरांतील असे कागद वहीत घडी होऊन राहिले असतील?

आय.आय.टी.तून मुलींची संख्या वाढावी म्हणून २०१८ पासून जादा जागा निर्माण केल्या गेल्या आणि २०२० पर्यंत मुलींचे प्रमाण किमान वीस टक्के करण्याचे लक्ष्य होते. सरकार दार उघडते आहे आणि आपणच उंबऱ्यावर हात आडवा धरावा, हे आपल्याला शोभत नाही. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकवली, असे आपली परंपरा सांगते. लिपी आणि अंक यांपासूनच आजचा संगणक घडला आहे. मुलींनी ही विद्या शिकू नये, असे म्हणण्याचा अधिकार निदान जैनांना तरी नाही.

आहार-विहाराची चिंता खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती मुलाच्या बाबतीतही तितकीच खरी असली पाहिजे. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजी महाराजांच्या प्रेरणेने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले, ते याच चिंतेतून. मुलांनी आधुनिक विद्या घ्यावी आणि आचारही सांभाळावा, यासाठी त्यांनी शिक्षण अडवले नाही, वसतिगृह उभारले. पुढे पुण्यातही त्याची शाखा झाली. चिंतेवरचा उपाय हा असा असतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. जून महिन्यात काही दलाल फोन करून "व्यवस्थापन कोट्यातील जागा मिळवून देतो, रोख रक्कम द्या" असे सांगतात. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने अशी देणगी घेणे हा गुन्हा आहे. संस्थास्तरावरील जागाही गुणवत्तेने व पावती घेऊनच मिळवता येतात. ज्याचे शिक्षण अशा व्यवहाराने सुरू होते, त्याला अचौर्य अणुव्रत आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

आपल्या मावळातच, पाले येथील लेण्यात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. तो अरिहंतांना नमस्कार करून सुरू होतो आणि लेणे व पाण्याचे टाके खोदविल्याची नोंद करतो. डॉ. ह. धी. सांकलियांनी तो विद्वानांसमोर आणला. वाटसरू कोण, कोठला, मुलगा की मुलगी, हे त्या टाक्याने कधी विचारले नाही. आपला ट्रस्टही असाच असावा. म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात मी विश्वस्त मंडळापुढे तीन सूचना ठेवत आहे. एक, शैक्षणिक साहाय्याचा अर्ज विद्यार्थ्याने स्वहस्ते लिहावा आणि त्यात किमान तीन महाविद्यालयांची तुलना असावी. दोन, मुलगा व मुलगी यांना साहाय्याची मर्यादा एकच असावी, आणि दूरच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीच्या वसतिगृहाचा खर्च त्यात धरावा. तीन, देणगी देऊन घेतलेल्या जागेस ट्रस्टचा एक रुपयाही मिळू नये. याखेरीज आज नोकरीत असलेल्या आपल्याच मुला-मुलींनी दर मे महिन्यात एक रविवार उपाश्रयाच्या सभागृहात बसून नव्या विद्यार्थ्यांचे अर्ज तपासून द्यावेत, अशी त्यांना विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ज्यांना हवे ते महाविद्यालय मिळणार नाही, त्यांनी खिन्न होऊ नये. पुण्या-मुंबईच्या चांगल्या महाविद्यालयांत बी.एस्सी. संगणकशास्त्र आहे. आय.आय.टी. मद्रासने २०२० मध्ये जाहीर केलेला डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम घरी राहून, दुसरी पदवी घेत असतानाही करता येतो, आणि त्याला जे.ई.ई.चा क्रमांक लागत नाही. ताका कितीही उत्तम असला तरी अंगरखा शिवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. ते हात तुमचे आहेत.

आणि पालकांना एवढीच प्रार्थना. आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला आणि मुलीला जवळ बसवा आणि विचारा, "तुला काय वाटते?" उत्तर ऐकून घ्या. मग खुशाल मतभेद करा.